पाच मिलिमीटरची वंशावळ

यवतमाळ जिल्ह्यात पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की वावराच्या धुऱ्यावरचा एखादा दगड उलटा करून पाहावा. वाणी, गांडुळं, मुंग्या यांच्या गडबडीत, दगडाच्या ओलसर बाजूला, साळीच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही बारीक अशी निमुळती कवचं चिकटलेली दिसतील. काही पांढरी पडलेली, रिकामी. काहींच्या तोंडातून मात्र हळूच दोन जोड्या शिंगं बाहेर येतात. ही बाळं नव्हेत, पूर्ण वाढलेल्या गोगलगायी आहेत. त्यांचं सगळं आयुष्य पाच-सात मिलिमीटरच्या घरात जातं.

शेतकऱ्याला या गोगलगायींशी काही देणंघेणं नसतं आणि त्यात नवल नाही. त्याचं वैर आहे ते मोठ्या ‘शंखी’ गोगलगायीशी. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तिने उगवतं सोयाबीन फस्त केलं आणि प्रकरण थेट नुकसानभरपाईच्या मागणीपर्यंत पोचलं. बारक्या गोगलगायी पीक खात नाहीत, डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून बोलीभाषेत त्यांना वेगवेगळी नावंही नाहीत. शास्त्रज्ञांकडे त्यांची नावं भरपूर आहेत. तिथे तंटा वेगळाच आहे. कोणती गोगलगाय कोणत्या कुलात बसवायची, यावर जवळपास दोन शतकं काथ्याकूट चालू आहे.

त्याचा भारतातला एक ठळक आरंभ १८३४ सालचा आहे. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचं नियतकालिक तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं आणि त्याचे संपादक होते जेम्स प्रिन्सेप, म्हणजे पुढे ब्राह्मी लिपी उलगडणारेच. त्याच नियतकालिकात कंपनीच्या फौजेतला लेफ्टनंट थॉमस हटन याचा भारतातल्या जमिनीवरच्या शंखांविषयीचा लेख छापून आला. त्या लेखातल्या तीन बारक्या गोगलगायी इथे महत्त्वाच्या आहेत. हटनने त्यांना पुपा बायकलर, पुपा सीनोपिक्टा आणि बुलिमस ग्रॅसिलिस अशी नावं दिली. तिघीही भारतभर पसरलेल्या आहेत आणि तिघींचंही कवच लांबट, उभं, टोकाकडे निमुळतं. हातात भिंग असलेला कुणीही त्यांना सख्ख्या-चुलत बहिणी समजेल. आज त्या तीन वेगवेगळ्या कुलांत आहेत. एक मांसाहारी निघाली. दुसरीचं नातं सोयाबीन खाणाऱ्या त्या शंखी गोगलगायीशी लागलं. तिसरी तेवढी आपल्या मूळ घराच्या आसपास राहिली.

हटनच्या काळी ‘पुपा’ ही प्रजाती म्हणजे एक मोठी पेटी होती. फ्रान्सच्या लामार्कने १८०१ मध्ये हे नाव दिलं आणि जगात कुठेही छोटं, लांबट, गोलसर टोकाचं शंखकवच सापडलं की ते त्या पेटीत टाकायचा प्रघात पडला. युरोपातल्या भिंतींवरचं, आफ्रिकेतल्या जंगलातलं, हिमालयाच्या उतारावरचं, सगळं त्यातच. पुढे लक्षात आलं की र्‍योडिंग नावाच्या जर्मन संग्राहकाने १७९८ मध्येच समुद्री गोगलगायींच्या एका प्रजातीला हे नाव देऊन ठेवलेलं आहे. प्राणिशास्त्राच्या नामकरणात आधी छापलेल्या नावाचा मान पहिला, त्यामुळे लामार्कचं नाव बाद झालं. या लहानग्यांसाठी फ्लेमिंगने १८२८ मध्ये दिलेलं ‘पुपिला’ हे नाव राहिलं आणि त्यावरून कुलाचं नाव झालं पुपिलिडी.

नावाचा घोळ असा नियमाने मिटतो. नात्याचा घोळ नियमाने मिटत नाही. ‘या सगळ्या जाती एकाच पूर्वजापासून आल्या’ असा दावा केल्याशिवाय कुल बनत नाही, आणि कवचाचा आकार सारखा असणं हा त्या दाव्याचा पुरेसा पुरावा नाही. दगडाच्या फटीत, सालीखाली, पाचोळ्याच्या थरांत राहायचं तर अंग बारीक आणि कवच लांबट असणं सोयीचं पडतं. ही सोय गोगलगायींच्या अनेक शाखांना स्वतंत्रपणे साधली आहे. म्हणून एकसारखं दिसणारं घर पाहून मालक भाऊबंद आहेत असं धरून चालणं धोक्याचं.

डिप्लोमॅटिना या गोगलगायीचं उदाहरण याहून बोलकं आहे. हीसुद्धा दोन-चार मिलिमीटरची, उभ्या कवचाची. तिची एक हिमालयी जात फायफर या जर्मन तज्ज्ञाने १८४६ मध्ये ‘बुलिमस’ म्हणून नोंदवली होती. बंगाल सरकारच्या नोकरीतले विल्यम हेन्री बेन्सन यांनी १८४९ मध्ये तिच्यासाठी वेगळी प्रजाती केली. फरक कवचाच्या आत होता. पुपिला गटातल्या गोगलगायींचे डोळे लांब शिंगांच्या टोकाला असतात, नर-मादी एकाच देहात असतात आणि कवचाचं तोंड उघडं असतं. डिप्लोमॅटिनाचे डोळे शिंगांच्या मुळाशी असतात, नर वेगळा आणि मादी वेगळी असते, आणि कवचाचं तोंड बंद करायला तिच्याकडे एक पातळ झाकण असतं. हे दोन वंश पाण्यातून जमिनीवर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटेने आले. दोघींचा शेवटचा सामाईक पूर्वज गाठायचा तर समुद्रातच जावं लागतं. तरीही रिकामी कवचं शेजारी ठेवली तर नवख्याची फसगत होते.

हटनच्या पहिल्या गोगलगायीकडे, म्हणजे बायकलरकडे, आता जरा जवळून पाहू. कवच सहा-सात मिलिमीटर उंच आणि जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. ताजं असेल तर काचेसारखं पारदर्शक, त्यातून आतलं पिवळट-नारिंगी अंग दिसतं. तोंडाशी पाहिलं तर कडेवरून आत वळलेले पांढरे उंचवटे दिसतात. त्यांना दात म्हणतात, पण त्यांनी काही चावलं जात नाही. ते दारातल्या अडसराचं काम करत असावेत, म्हणजे किडे-अळ्या आत शिरू नयेत म्हणून. असे उंचवटे पुपा गटातल्या अनेक जातींना असतात, आणि हटनला ती पुपा वाटली यात त्याची काही चूक नव्हती.

खरे दात आत, जिभेवर असतात. गोगलगायीच्या तोंडात कानशीसारखी एक पट्टी असते, तिला रेड्युला म्हणतात. शेवाळ, बुरशी, कुजकी पानं खरवडणाऱ्या गोगलगायींच्या पट्टीवर आखूड, रुंद दातांच्या दाट रांगा असतात. बायकलरच्या पट्टीवर मात्र लांब, टोकदार, आकड्यासारखे दात आहेत. भक्ष्याच्या अंगात रुतवून मांस ओढून काढायचे हे दात. ही गोगलगाय दुसऱ्या लहान गोगलगायी खाते. त्यातही काडीसारख्या सडपातळ सुबुलिना गटातल्या जाती तिच्या विशेष आवडीच्या. निमुळतं अंग भक्ष्याच्या कवचात थेट आत घालता येतं, म्हणून तिचं शरीर तिच्या धंद्याला साजेसं आहे. हे कळल्यावर तिला पुपाच्या पेटीत ठेवणं शक्यच नव्हतं. ती आधी एनिया झाली, मग गुलेला, आणि आता हटोनेला बायकलर, म्हणजे हटनच्याच नावाच्या प्रजातीत. कुल स्ट्रेप्टॅक्सिडी, सगळं मांसाहारी घराणं. कुंड्या आणि रोपांच्या मातीतून ती भारताबाहेर दूरदूरच्या उष्ण देशांतही पोचली आहे.

हे कुलही शेवटचं ठरलेलं नव्हतं. २०१० मध्ये थायलंडचे चिरासक सुचरित, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे फ्रेड नॅग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियातल्या काही बारक्या मांसाहारी गोगलगायी स्ट्रेप्टॅक्सिडीतून बाहेर काढून डायफेरिडी हे नवं कुल मांडलं. पाठोपाठ २०११ मध्ये बेन रोसन आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधाराने या सगळ्या मांसाहारी गटाची वंशावळ काढली आणि दोन्ही कुलं एकमेकांजवळची, पण वेगळी असल्याचं त्यात दिसलं.

दुसरी, ग्रॅसिलिस. आज तिचं नाव अ‍ॅलोपियस ग्रॅसिली. यवतमाळपासून मुंबईपर्यंत ज्यांच्या घरी कुंड्या आहेत त्यांनी हिला पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. तुळशीच्या कुंडीखालची ताटली उचलली की तळाला दिसणारी, सेंटिमीटरभर लांब, पिवळसर, सुईसारखी चकचकीत गोगलगाय बहुधा हीच किंवा हिची बहीण. प्रौढ गोगलगायीच्या पातळ कवचातून आतली पांढरी अंडी रांगेने दिसतात. ती दीर्घ काळ सुबुलिनिडी या कुलात होती. मग जनुकांची तुलना सुरू झाली. नॉटिंगहॅमचे ख्रिस वेड, लंडनचे पीटर मॉर्डन आणि इतरांनी २००१ मध्ये जमिनीवरच्या गोगलगायींची जनुकीय वंशावळ प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या कामातून उघड झालं की सुबुलिनिडी हे एकसंध कुल नाहीच, त्यातल्या जाती आफ्रिकेच्या राक्षसी गोगलगायींच्या फांदीत मिसळलेल्या आहेत. फिलिप बूशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या गोगलगायींच्या जागतिक वर्गीकरणात सुबुलिनिडीला अ‍ॅकॅटिनिडी या कुलाचं उपकुल करून टाकलं. सगळ्यांनी ते एकमताने मान्य केलं असं नाही, पण पुरावा त्या बाजूला झुकतो.

अ‍ॅकॅटिनिडी म्हणजे कोण? लिसाकॅटिना फुलिका, पूर्व आफ्रिकेची राक्षसी गोगलगाय, सोयाबीनची वैरीण, हिचंच कुल. तिचं कवच वीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं, ग्रॅसिलीचं जेमतेम सेंटिमीटरभर, आणि तरीही त्या एका कुलात. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही राक्षसी गोगलगाय भारतात आली ती १८४७ मध्ये, मॉरिशसहून. आणणारे होते बेन्सन, डिप्लोमॅटिनाला वेगळी ओळख देणारे तेच बेन्सन. त्यांनी आणलेल्या गोगलगायी कोलकात्याच्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडल्या गेल्या. दोन मिलिमीटरच्या गोगलगायीचं झाकण पारखणाऱ्या माणसाला त्या बागेतून काय पसरेल याची कल्पना आली नाही.

आज तिच्या बंदोबस्तासाठी वावरात मेटाल्डिहाईडचं आमिष टाकतात. ते औषध शंखी गोगलगायीपुरतं नाही, गोगलगायी म्हणून जे काही आहे त्या सगळ्यांना ते मारतं. धुऱ्यावरची पाचोळा कुजवणारी बारकी गोगलगाय तिथे मरते आणि दुसऱ्या गोगलगायींची शिकार करणारी बायकलरही मरते. कुल ओळखता येणं ही संग्रहालयातली हौस नाही, हे इथे कळतं. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर तर उलटा प्रकार घडला. तिथे आफ्रिकी गोगलगायीला आवर घालायला अमेरिकेतून युग्लॅन्डिना रोझिया ही मांसाहारी गोगलगाय सोडली. हवाईत १९५५ मध्ये आणि मूरियात १९७७ मध्ये. तिने राक्षसी गोगलगायीला फारसा हात लावला नाही आणि बेटांवरच्या मूळच्या झाडगोगलगायींच्या अनेक जाती कायमच्या संपवल्या. कोण कुणाला खातं हे नीट न तपासता घेतलेल्या निर्णयाची किंमत कशी मोजावी लागते याचं याहून कडवट उदाहरण शोधावं लागेल.

तिसरी, सीनोपिक्टा. आजचं नाव पुपॉइडिस सीनोपिक्टस. साडेतीन ते पाच मिलिमीटरचं तपकिरी कवच, बहुतेक वेळा मातीने माखलेलं. तिचं वैशिष्ट्य कोरडेपणा सोसण्याचं आहे. आफ्रिकेच्या उत्तर भागापासून अरबस्तान, सिंध, राजस्थानमार्गे दख्खनपर्यंत ती पसरली आहे. उन्हाळ्यात अशा गोगलगायी दगडाला चिकटतात, तोंडावर चिकट पडदा ओढून वाळू देतात आणि पाऊस येईपर्यंत निपचित पडून राहतात. पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या विदर्भात एवढासा जीव टिकून राहतो तो या युक्तीवर. तिला पुपिलिडीत ठेवण्याचं बरंचसं श्रेय फिलाडेल्फियाच्या हेन्री पिल्सब्रींना जातं. १९१६ ते १९३५ या काळात ‘मॅन्युअल ऑफ कॉन्कॉलॉजी’च्या शेवटच्या पाच खंडांत त्यांनी जगभरच्या पुपिलिडी आणि त्यांच्या आप्तांची जाडजूड मांडणी केली, त्यातल्या काही कामात हवाईचे माँटेग्यू कुक त्यांच्या सोबत होते. दातांची संख्या, ते कुठे आहेत, किती लांब आत जातात, यावर त्यांनी उपकुलं पाडली. त्यांतलं गॅस्ट्रोकॉप्टिनी हे उपकुल आज गॅस्ट्रोकॉप्टिडी या नावाने स्वतंत्र कुल मानलं जातं.

पिल्सब्रींची नजर विलक्षण होती. शंभर वर्षांनंतरही त्यांची रेखाचित्रं ओळख पटवायला वापरतात. पण दातांवर जितका भर त्यांच्या पिढीने दिला तितका तो पेलणार नाही, असं आता दिसतंय. २०१५ मध्ये अमेरिकेचे जेफ नेकोला, ब्रायन कोल्स आणि चेक प्रजासत्ताकाचे मिखाल होर्साक यांनी पुपिला प्रजातीच्या अनेक जातींचे डीएनए आणि कवचं एकत्र तपासली. तोंडातल्या उंचवट्यांपेक्षा कवचाच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म रेषा नातं ओळखायला अधिक भरवशाच्या निघाल्या. म्हणजे कवचाला अजून भाव आहे, फक्त नजर वेगळ्या ठिकाणी न्यायची.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा कमी नाही, पण तो घाटात एकवटलेला आहे. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये सॅम्युएल फेअरबँक नावाचे पाद्री होते. पक्षी आणि शंख यांची त्यांना सारखीच ओढ. खंडाळ्याच्या घाटातल्या एका बारक्या गोगलगायीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६६ मध्ये त्यांचंच नाव दिलं, ऑपिस्थोस्टोमा फेअरबँकी. डिप्लोमॅटिनाच्याच कुलातली ही. तिच्या कवचाचा शेवटचा वेढा मुख्य कवचापासून सुटून उलटा मागे वळतो आणि तोंड वरच्या दिशेला जातं. दोन मिलिमीटरच्या आत निसर्गाने हा वळसा घातला आहे.

ब्लॅनफर्ड विदर्भाच्या बाजूलाही वावरले होते. दख्खनच्या लाव्हाथरांबद्दल आणि त्यांच्यामधल्या तळ्यांच्या गाळाबद्दल १८६७ मध्ये त्यांनी मोठा प्रबंध लिहिला. त्या गाळात ज्वालामुखीच्या काळातल्या, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, गोड्या पाण्यातल्या गोगलगायी दगड होऊन पडल्या आहेत. त्यांतली फायसा प्रिन्सेपी ही डावखुऱ्या वळणाची, म्हणजे तोंड डाव्या बाजूला असलेली. तीही आता प्लॅटिफायसा नावाच्या वेगळ्या प्रजातीत गेली आहे. दगड झालेल्या कवचाला रेड्युला नाही, डीएनए नाही, तरीही वर्गीकरण थांबलेलं नाही.

ब्लॅनफर्ड, कर्नल गॉडविन-ऑस्टेन आणि जेरार्ड गूड यांनी मिळून ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेचे गोगलगायींवरचे तीन खंड १९०८, १९१४ आणि १९२१ मध्ये पूर्ण केले. के-टू शिखराच्या भोवतालच्या प्रदेशाचं सर्वेक्षण करणारे तेच गॉडविन-ऑस्टेन. कवचापेक्षा आतल्या अवयवांवरून वर्गीकरण करण्याचा आग्रह त्यांनीच भारतात रुजवला. पण मालिका तिथेच थांबली. पुपिलिडी आणि सुबुलिनिडी यांचा खंड झालाच नाही. म्हणजे हटनच्या तीनपैकी दोन गोगलगायी भारताच्या सर्वांत मोठ्या ग्रंथमालेच्या बाहेरच राहिल्या. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने २०१० मध्ये देशातल्या जमिनीवरच्या गोगलगायींची यादी काढली. त्यात अकराशेहून अधिक जाती आहेत. यादी होणं फार मोलाचं. पण ओळख पटवायला चावी लागते आणि या बारक्या कुलांसाठी ती एका ठिकाणी सापडत नाही.

म्हणून यवतमाळसारख्या जिल्ह्याकडे लक्ष वेधणं गरजेचं आहे. अभ्यासाचा ओघ सह्याद्री आणि ईशान्येकडे गेला, त्यामानाने विदर्भाच्या कोरड्या जंगलांच्या वाट्याला फार थोडं काम आलं. इथे जमीन एकाच जातीची नाही. जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळा बेसाल्ट आहे, पण वणी, मुकुटबनच्या बाजूला पैनगंगा गटाचे प्राचीन चुनखडक वर आलेले आहेत. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या त्यावरच चालत आल्या. गोगलगायीचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, त्यामुळे चुनखडक म्हणजे तिच्यासाठी बांधकामाचं साहित्यच. जगातल्या सर्वांत बारक्या भू-गोगलगायी चुनखडकाच्याच प्रदेशांत सापडल्या आहेत. २०२२ मध्ये व्हिएतनाममधल्या गुहांच्या गाळातून वर्णन झालेल्या अँगुस्टोपिला सॅमिऑन या जातीची उंची अवघी ०.४८ मिलिमीटर आहे, वाळूच्या कणाएवढी. वणीच्या खडकांत असंच काही आहे असं कुणी म्हणणार नाही. पण खाणी वाढण्याआधी तिथला पाचोळा आणि कपारी एकदा चाळून पाहायला हव्यात, हे मात्र ठामपणे म्हणता येतं.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात वर्धा, बेंबळा, अरुणावती, पैनगंगा या नद्यांना पूर येऊन गेला की काठावर काडीकचऱ्याची एक रेघ राहते. रिकामी कवचं हवेमुळे तरंगतात आणि नेमकी त्या रेघेत अडकतात. तो कचरा वाळवायचा आणि आधी दोन मिलिमीटरच्या, मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा. उरलेलं पाण्यात टाकलं की माती तळाला बसते, कवचं वर येतात. सागाचा पाचोळा, पळसाच्या बुंध्याभोवतीची माती, धुऱ्यावरचे दगड, जुन्या विहिरीची कोरडी बांधणी, सगळीकडे हीच रीत चालते. जिवंत गोगलगायींचे फोटो काढावेत आणि त्यांना होत्या तिथेच ठेवावं. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्यात काहीही उचलायचं तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेडच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) आणि प्राणिसर्वेक्षण संस्थेचं पुण्यातलं केंद्र इथे नमुने नेऊन तुलना करता येते. प्रत्येक कुपीत मात्र शिसपेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी हवी. गाव, तालुका, तारीख, दगडाखाली की पाचोळ्यात, माती काळी की चुनखडीची. कुलं पुढेही बदलतील, नावं बदलतील. नमुना कुठला आणि केव्हाचा, एवढं त्या चिठ्ठीवर असेल तर नवं वर्गीकरण करणाऱ्याला तो वापरता येईल.